‘नको’ हा शब्द आहे, नोंद घ्यावी

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि खास करून कोषाध्यक्ष,
इंदूरमधील सर्व मराठी मंडळं, न्यास आणि गणेशोत्सव समित्या

विषय: महिन्यातून एक टेबल आणि तीन खुर्च्या मिळणेबाबत.
संदर्भ: ‘मुलगे उशिराच बोलतात’ हा आपला वेळोवेळी मिळालेला तोंडी अभिप्राय.

स.न.वि.वि.

वीज मंडळाच्या लेखा विभागात पस्तीस वर्षं गेली, त्यामुळे विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. संदर्भातलं वाक्य वाचून कुणाला टोचलं असेल तर आधीच सांगतो, आमच्या घरात ते वाक्य सर्वांत आधी मी उच्चारलं होतं. आणि एकदा नाही, चांगलं दोन वर्षं उच्चारत होतो.

माझा नातू आता साडेसात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. तो स्वतःत मग्न नसतो, पंख्यात असतो, जिन्याच्या पायऱ्या मोजण्यात असतो, कधी कधी माझ्या चष्म्याच्या काडीत असतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. या पत्रात आपलं नाव असावं की नाही हे मोठेपणी त्याने ठरवावं, आज मी ठरवणं बरं नव्हे.

तो 2018 च्या नोव्हेंबरातला. वर्षाचा झाला तरी हाक मारली की वळून बघत नसे. पण स्वयंपाकघरात कुकरची नुसती सुरसुर सुरू झाली की शिट्टीच्या आधीच कानांवर हात. दीड वर्षाचा झाला तरी बोट दाखवत नव्हता. काही हवं असलं की माझं मनगट धरायचा आणि माझा हात त्या वस्तूपर्यंत नेऊन ठेवायचा, आपण सांडशी धरून पातेलं उचलतो तसा. मला त्याचं भारी कौतुक. ‘साहेब आहेत आमचे, स्वतः काही करत नाहीत, शिपायाकडून करून घेतात,’ असं मी कॉलनीभर सांगत फिरलो. हे अगदी ठरलेलं लक्षण आहे आणि कुठलाही जाणकार डॉक्टर ते ऐकून खुर्चीत पुढे सरकतो, हे मला कळायला मधे दोन वर्षं जावी लागली.

22 मार्च 2020 आठवतो ना? जनता कर्फ्यूची संध्याकाळ. आपलं इंदूर राजवाड्यावर थाळ्या घेऊन नाचायला उतरलं होतं. आमच्या गल्लीतही पितळी परात, शंख, सगळं वाजलं. तो पलंगाखाली गेला आणि रात्री नऊपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट गंमत म्हणून फोनवर सांगितली. मग लॉकडाऊन लागला आणि मला नवं कारण मिळालं: घरात दुसरं मूल नाही, बोलणार कुणाशी? तेही जुनं झाल्यावर मोबाईल सापडला, आणि मोबाईलचं खापर सुनेवर फोडणं सोपं होतं.

सूनबाई पहिल्या वाढदिवसापासून म्हणत होती, बाबा, काहीतरी वेगळं आहे. मी तिला सांगितलं, तुझा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत ‘आई’सुद्धा म्हणाला नव्हता. (हे खोटं निघालं. माझ्या बायकोने जुनी वही काढून दाखवली. मुलगा तेराव्या महिन्यात बोलला होता. माझ्या डोक्यात बहुधा माझ्या धाकट्या भावाचं काहीतरी होतं. आजोबांच्या स्मरणशक्तीवर कुणी निदान सोडू नये.)

तुमच्याकडेही आलो होतो आम्ही. गणपतीत, कोजागरीला, हळदीकुंकवाला. वेखंड उगाळून चाटवा, शंखातलं पाणी पाजा, जिभेखालची दोरी कापून घ्या, खजराण्याच्या गणपतीला नवस बोला, असं सगळं प्रेमानेच सांगितलं तुम्ही. एका काकूंनी लशीमुळे असं होतं म्हणून सांगितलं. तो मुद्दा निकाली काढतो: ज्या लेखावरून ही हूल उठली तो 1998 साली इंग्लंडमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता आणि 2010 साली त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला. नातवाच्या सगळ्या लशी झाल्या आहेत, पुढच्याही होतील.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 सालचा अंदाज आहे की जगात साधारण 127 माणसांमागे एक माणूस ऑटिझम असलेला असतो. नाटकाच्या प्रयोगाला हजार माणसं बसली तर त्यांच्या घराघरांत किती, हा हिशेब तुमच्या कोषाध्यक्षांना तोंडपाठ करता येईल. मग ती मुलं आपल्याला दिसत का नाहीत? कारण दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमानंतर ती घरं यायची थांबतात. आम्हीही थांबलो होतो.

शेवटी 2022 च्या मे महिन्यात, नातू साडेतीन वर्षांचा असताना, निदान झालं. आधी कान तपासायची बेरा चाचणी, त्यासाठी झोपेचं औषध पाजून तीन तास बाहेरच्या बाकावर. कान उत्तम. मग बालविकासाच्या डॉक्टरीणबाई, मग मानसशास्त्रज्ञ, तीन भेटी. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘हाथ पकड़कर ले जाता है क्या?’ मी ‘हो’ म्हणालो आणि त्यानंतर घरी येईपर्यंत काही बोललो नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण मध्यमवर्गीय लोक तिच्यात फसतो. 2013 पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा. त्यांच्या यादीत विकासातला विलंब आहे, ऑटिझमही आहे. कुणी मूल सापडलं की जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवायचं, आणि हे सगळं मोफत. पण आपली मुलं अंगणवाडीत कुठे जातात? ती जातात फुलपाखरांची चित्रं काढलेल्या प्ले स्कूलमध्ये. तिथे ना ते पथक पोचतं, ना बाईंना सांगायची हिंमत होते, कारण सांगितलं की पालक फी घेऊन दुसरीकडे जातात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या नातीची तपासणी झाली होती. माझ्या नातवाची झाली नाही. पेन्शनर आजोबांच्या घरात पैसा होता, शिक्षण होतं, वर्तमानपत्र होतं, आणि मूल सरकारला दिसलंच नाही.

आता ‘नको’कडे येतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं तर ऑटिझमला आयएसएए नावाची मोजपट्टी लावतात. भारतातच तयार झालेली, 40 मुद्द्यांची, प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण. म्हणजे कमीत कमी 40, जास्तीत जास्त 200. 70 च्या खाली ऑटिझम नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. लेखा विभागातल्या माणसाला असं काही बघितलं की आधी बरं वाटतं. नजर मिळवतो का, एकटा राहतो का, तेच तेच शब्द उच्चारतो का, विनाकारण हसतो का, असे प्रश्न पालकांना विचारतात आणि मुलालाही बघतात.

आम्ही 2023 मध्ये गेलो तेव्हा तपासणाऱ्या तरुणाने नातवासमोर ठोकळे ठेवले आणि हिंदीत सांगितलं, लाल वाला दो. नातू म्हणाला, ‘नको.’ तरुणाने पुन्हा सांगितलं. ‘नको, नको.’ तिसऱ्यांदा जोरात, ‘नकोऽ.’ मी टेबलाच्या पलीकडून कागद उलटा वाचू शकतो, ऑफिसात शिकलेली कला आहे. त्याने लिहिलं होतं: अर्थहीन ध्वनी दोहराता है.

पाच वर्षांच्या आयुष्यात त्या मुलाने कमावलेले शब्द होते अकरा. त्यातला सर्वांत कामाचा हा. पोळी नको, शर्ट नको, आजोबा नको (हाही प्रसंग येतो). त्याला नकार देता येत होता, योग्य जागी, योग्य माणसाला, तीनदा. मी उठून म्हणालो, साहब, ये मराठी है, इसका मतलब ‘नहीं चाहिए’ होता है. तो तरुण वाईट नव्हता, बाहेर चाळीस माणसं उभी होती आणि पंखा बंद होता. त्याने खोडलं, वर सही केली. पण मी नसतो तर? सुनेच्या तोंडून त्या गर्दीत आवाज निघत नव्हता. आणि आमच्या मागे रांगेत एक मल्याळी बाई होत्या, त्यांचा मुलगा काय म्हणत होता हे त्या खोलीत कुणाला कळणार होतं?

गुण आले 112. तक्त्यात बघितलं तर 70 टक्के. टक्केवारी 40 ते 80 च्या मधे असली की यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पिवळं मिळतं, 80 आणि पुढे निळं, 40 च्या खाली पांढरं. हे पिवळं कार्ड मिळायला आम्हाला पाच महिने लागले, आणि त्यातले तीन महिने एका अक्षराने खाल्ले.

आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. आधार मुंबईला काढलेलं, त्यावर बरोबर. इथल्या समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकात (कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी), तिथे ‘ल’. शिवाय आपण मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव लावतो, ते भरणाऱ्याने एका ठिकाणी मधलं नाव म्हणून घातलं, दुसऱ्या ठिकाणी गाळलं. तीन कागदांवर तीन मुलं झाली. संगणक म्हणाला, जुळत नाही. चार पिढ्या होळकरांच्या शहरात काढून आमचा ‘ळ’ कुठल्याही खिडकीवर बसत नाही, हे मला वयाच्या सत्तरीत कळलं. शेवटी मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत अर्ज दिला आणि 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तेव्हा कुठे ते दुरुस्त झालं. जनसुनवाईत जाताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: अर्ज एका पानाचा, मागणी एकच, आणि पावती घेतल्याशिवाय हलायचं नाही.

पैशाचं सांगतो, कारण ‘काही मदत लागली तर सांगा’ असं तुम्ही म्हणता आणि मला तुम्हाला हिशेब दाखवावासा वाटतो. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी मिळून आठवड्याला पाच सत्रं, प्रत्येकी 600. महिना तेरा हजार धरा. रिक्षा दोन हजार. सूनबाईने शाळेतली नोकरी सोडली, ते चोवीस हजार कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे हे मला आजवर सुचलं नाही.

समोरच्या बाजूला काय? माझ्याकडे सत्तरीपुढच्या लोकांचं आयुष्मान कार्ड आहे, 5 लाखांचं. माझ्या गुडघ्याला चालतं. नातवाच्या थेरपीला त्याच्या बापाचं कोणतंही कार्ड चालत नाही, कारण दवाखान्यात भरती व्हावं लागतं आणि बोलायला शिकायला कुणी भरती होत नाही. निरामय नावाची योजना मात्र खरंच आपल्यासाठी आहे. राष्ट्रीय न्यासाची, हा न्यास 1999 च्या कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठीच स्थापन झाला. वर्षाला 1 लाखाचं कवच, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीलाही त्यातून काही रक्कम मिळते. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला पहिल्या वर्षी 500 रुपये भरायचे. थेरपीची रक्कम छोटी आहे, आमचा दोन-तीन महिन्यांचा खर्चही निघत नाही. तरी भरा. माझ्या ओळखीच्या सात मराठी घरांपैकी पाचांनी निरामयचं नावच ऐकलं नव्हतं, आणि त्यांतल्या एका घरात बँकेचे निवृत्त मॅनेजर आहेत.

1961 च्या आयकर कायद्यात 80डीडी कलमाखाली 75,000 ची वजावट होती, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. ऑटिझमसाठी 10-आयए नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं लागायचं, पिवळं कार्ड पुढे केलं की झालं असं नाही. आणि नव्या करपद्धतीत ही वजावट मिळत नाही. माझ्या मुलाने नवी पद्धत निवडून दोन वर्षं घालवली, कारण ऑफिसातल्या सगळ्यांनी तीच निवडली होती. मी चिडलो, पण कुणावर चिडणार, विवरणपत्र मीच तपासलं होतं. राज्य सरकारची महिना 600 रुपयांची मदत आहे. आमच्या घराला ती मिळत नाही, मिळू नये हेही मला मान्य आहे. ज्या घराला मिळते त्याचं थेरपीचं एक सत्र त्यात भागतं. महिन्यात एक.

फसवणारेही याच वाटेवर बसलेले असतात. आम्हाला एकाने स्टेम सेलचं सांगितलं, काही लाखांत. मुलगा तयार झाला होता, प्लॉट विकायची भाषा सुरू होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आचार मंडळाने डिसेंबर 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही असं स्पष्ट केलेलं आहे. आपल्यापैकी एका डॉक्टरांनी मला तो कागद दाखवला म्हणून प्लॉट वाचला. त्याच डॉक्टरांनी आणखी एक शहाणपण दिलं: स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे गेलं की भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायचा. संकोच करायचा नाही. मीटर वाचणाऱ्याचंही आपण ओळखपत्र बघतो.

शाळेचं थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. 2016 चा दिव्यांगजन अधिकार कायदा ऑटिझम धरून 21 प्रकारांना लागू आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे, भेदभाव न करता प्रवेश द्या असंही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विशेष शिक्षकांच्या प्रमाणावर निकाल दिला, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक. आम्ही चार शाळांत गेलो. तिघांनी जागा भरल्याचं सांगितलं. त्यातल्या एका शाळेच्या फाटकावर ‘प्रवेश प्रारंभ’ असा फलक वाऱ्यावर हलत होता. चौथीने घेतलं, वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं, आणि सहा महिन्यांनी आम्हीच काढून आणलं. आता तो एका छोट्या शाळेत जातो जिथे बाईंना कायदा माहीत नाही, पण मूल माहीत आहे.

आणि आता ते, जे फक्त तुम्हालाच सांगता येण्यासारखं आहे. निदानानंतर पहिल्या केंद्रात आम्हाला सांगितलं गेलं: घर में एक ही भाषा रखिए, बच्चा कन्फ्यूज़ हो रहा है, हिंदी बोलिए. माझ्या बायकोला हिंदी येतं, इंदूरची आहे, भाजीवाल्याशी भांडण्याइतकं उत्तम येतं. पण नातवाशी हिंदीत? तिला हिंदीत लाड करता येत नाहीत. बडबडगीतं बंद झाली. ‘चल ये, भात खाऊ’ याऐवजी ‘आओ, चावल खाओ’, आणि हे ती पाठ केल्यासारखं म्हणायची, डोळे दुसरीकडे करून. हळूहळू ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. सव्वा वर्ष आमच्या घरात आजी नातवासमोर गप्प होती. ज्या मुलाला बोलणं शिकायचं आहे त्याच्या घरातलं सर्वांत बोलकं माणूस आम्ही मिटवून ठेवलं.

दुसऱ्या केंद्रातल्या स्पीच थेरपिस्टने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही, असे अभ्यास झालेले आहेत. आई-वडील, आजी-आजोबा ज्या भाषेत सहज बोलतात तीच बोला, भरपूर बोला. त्या संध्याकाळी बायकोने देवघरातूनच त्याला हाक मारली, मराठीत, लांबलचक, सगळी लाडाची नावं लावून. तो आला नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण पंख्याकडे बघता बघता हसला, आणि विनाकारण हसतो का या प्रश्नाला त्या दिवसापासून माझं उत्तर बदललं आहे.

‘नको’ हा शब्द त्याच्यानंतर दोन महिन्यांनी आला. म्हणजे तो शब्द तिचा आहे.

म्हणून हे पत्र तुम्हाला. कलेक्टर साहेबांना हिंदीत अर्ज वेगळा दिला आहे, अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या खोलीत पंखा आणि दुभाष्या दोन्ही मागितले आहेत. तुमच्याकडून मला वर्गणी नको आहे. शाल-श्रीफळ तर अजिबात नको. 2 एप्रिलला जागतिक ऑटिझम दिनानिमित्त निळे फुगे आणि व्याख्यान ठेवायचा तुमचा मनोदय कानावर आला. व्याख्यान ठेवा, फुगे राहू द्या, फुटले की आमची मुलं अर्धा दिवस सावरत नाहीत.

मला हवी आहेत ती तुमच्या यादीतली माणसं. एकदा सभासदांच्या नोंदवहीवरून बोट फिरवून बघा: स्टेट बँकेतून निवृत्त, महालेखाकार कार्यालयातून निवृत्त, विमा महामंडळातून, शिक्षण खात्यातून निवृत्त. परिपत्रक वाचून त्यातली पळवाट आणि हक्क दोन्ही शोधणारी एवढी माणसं या शहरात दुसऱ्या कुठल्या समाजाकडे असतील असं मला वाटत नाही. ती सध्या काय करतात? सकाळी बागेत सरकारला नावं ठेवतात, मग पोहे-जिलबी खाऊन घरी जातात. मीही त्यातलाच. महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी दहा ते एक, तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल द्या. आम्ही तिघं-चौघं आळीपाळीने बसू. यूडीआयडीचा अर्ज, निरामयचा अर्ज आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण, समग्रमधली नावाची दुरुस्ती, आयकरासाठीचं प्रमाणपत्र, शाळेला द्यायचं पत्र. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, जन्मदात्यांनासुद्धा. त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे बहुतेकांना मूल एकोणीसचं झाल्यावर कळतं. तेही करू. मराठी असलंच पाहिजे अशी अट नाही, त्या मल्याळी बाई आल्या तर त्यांचाही अर्ज भरू.

बोर्डाच्या दिवशी कुटुंबाबरोबर जायला एक माणूस हवा. अधिकारी असलेलाच हवा असं नाही, उलटा कागद वाचता येणारा पुरे.

उत्सवाचं एक मागणं आहे, पटलं तर बघा. जत्रेचा पहिला एक तास लाउडस्पीकर आणि ढोलाशिवाय ठेवता येईल का? अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात तेव्हा नातू रात्री दोनपर्यंत गच्चीवरून बघतो, कानांवर बांधकामवाले घालतात तसले जाड हेडफोन. हुकुमचंद मिलच्या झांकीतली फिरती चाकं त्याला इतकी आवडतात की तो हात झटकत उड्या मारतो. लांबून चालतं त्याला, दिवे चालतात, चाकं चालतात. तो उत्सवाच्या विरोधात नाही. नाटकालाही यायचं आहे आम्हाला, मागच्या रांगेत दाराजवळच्या चार खुर्च्या मिळाल्या आणि त्याने मधेच ‘नको’ म्हटलं तर पुढच्या रांगेने वळून बघितलं नाही, तर.

शेवटचं म्हणजे, तुमच्या हळदीकुंकवात एखादी सून जेव्हा म्हणेल की मूल हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा बोलत होतं ते बोलायचं थांबलं, तेव्हा वेखंड सुचवण्याआधी तिला आमच्या टेबलाचा पत्ता द्या. आणि शेजारी सासरा बसला असेल तर त्याला माझा फोन द्या. त्याच्याशी मी बोलतो.

उत्तराची वाट बघत नाही. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फाईल, स्टेपलर आणि पंच घेऊन येतोच आहे. टेबल नसेल तर पायरीवर बसेन. झेरॉक्सची सोय जवळ असली तर बरं. तिसरी खुर्ची नातवासाठी आहे, ती भिंतीकडे तोंड करून ठेवा, त्याला तशी लागते. आणि पंखा चालू राहू द्या, फक्त कुरकुरणारा नको.

आपला,
एक निवृत्त लेखापाल आणि आजोबा
इंदूर